कोरड्या भिंतीवरील फुलझाडांची निवड
(महोत्सवप्रसंगी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आज ज्या विषयावर चार शब्द बोलण्याचे आम्ही योजिले आहे तो दिसण्यास अगदी क्षुल्लक आहे. चुना अगर सिमेंट न घालता, नुसता दगडावर दगड रचून बांधलेल्या भिंतीवर कोणती फुलझाडे लावावी, एवढाच तो प्रश्न. परंतु बाभुळगावच्या परिसरात त्याचे उत्तर देताना दोन हिशेब मांडावे लागतात : एक भिंतीच्या आयुष्याचा व दुसरा पाण्याचा. हे हिशेब न मांडता केलेली बाग एक पावसाळा हसते आणि पुढच्या उन्हाळ्यात धन्यास रडविते.

प्रथम पाण्याविषयी. आपला बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून जातो, आणि पुढे मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास जातो. 2018 साली यवतमाळ शहरास पाणी पुरविणारे निळोणा व चापडोह हे जलाशय आटले आणि तेथे केवढी टंचाई झाली, हे आपणांपैकी पुष्कळांच्या स्मरणात असेल. आपल्या तालुक्यात बेंबळा नदीवर धरण झाले आहे हे खरे; तथापि धरणातले पाणी म्हणजे आपल्या अंगणातले पाणी नव्हे. म्हणून जे झाड घरच्या माणसांच्या घागरीत वाटा मागते, ते कितीही सुंदर असो, भिंतीवर लावू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आता भिंतीविषयी. आपला काळा दगड सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यापासून झालेला आहे. तो उन्हाने तापतो व रात्री उशिरापर्यंत तापलेलाच राहतो. त्याच दगडाची झीज होऊन आपली काळी माती झाली. ही माती पावसात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. भिंतीच्या सांध्यांत नुसती काळी माती ठासली तर ती फुगून दगड ढकलते आणि भिंतीस पोट येते. याकरिता काळी माती थोडी, बारीक मुरूम व वाळू अधिक, आणि चांगले कुजलेले शेणखत असे मिश्रण करावे. दगड रचताना ते मागच्या बाजूस किंचित उतरते ठेवावे; म्हणजे पावसाचे पाणी बाहेर न ओघळता आत मुळांकडे जाईल. ज्या भिंतीच्या पाठीशी मातीचा भराव असतो तिच्यावर झाडे उत्तम जगतात, कारण मुळे आतल्या ओलाव्यापर्यंत पोहोचतात. भिंत बांधीत असतानाच रोपे सांध्यांत बसविणे सर्वांत चांगले. मागाहून लावावयाची असल्यास पहिला दमदार पाऊस झाल्यावर लावावी. मात्र फटीत हात घालण्यापूर्वी काठीने चाचपून पाहावे, कारण विंचू व साप यांनाही तीच जागा आवडते.

दिशेचाही विचार करावा. आपल्याकडे मे अखेरीस सूर्य दुपारी जवळजवळ ठीक डोक्यावर येतो; तेव्हा खरा जाच दुपारनंतरच्या उन्हाचा, म्हणजे पश्चिमेकडील अंगाचा. त्या अंगास सदाफुली लावावी. ही मूळची मादागास्करची. परंतु आपल्याकडे दगडाच्या चिरेतही आपोआप उगवते. हिच्यापासून रक्ताच्या कर्करोगावरील औषध मिळते. तथापि झाड विषारी असल्याने घरी काढे करण्याच्या भरीस कोणी पडू नये. भिंतीच्या माथ्यावर चिनी गुलाब शोभतो. त्याच्या जाड पानांत पाणी साठते, आणि नुसती कांडी खोचली तरी ती जीव धरते. पानफुटीलाही मूठभर माती पुरते.

मादागास्करचेच लहान तांबड्या फुलांचे आणखी एक काटेरी झाड 'काट्यांचा मुकुट' या नावाने प्रसिद्ध आहे. नाव त्याच्या रूपावरून पडले आहे. पवित्र भूमीत ते मूळचे नाही, हे मुलांना सांगताना ध्यानात असावे. ते उन्हास मुळीच डगमगत नाही. फक्त त्याचा चीक डोळ्यांत जाऊ देऊ नये.

पूर्वेकडील व उत्तरेकडील अंग सौम्य असते. तेथे पावसाळ्यात तेरडा आणि पायथ्याच्या सावलीत अबोली लावावी. भिंतीच्या पायाशी पिवळी कोरांटी असावी. ती आपल्या खडकाळ रानातलीच असून तिचे काटे गुरांना दूर ठेवतात. तिच्या शेजारी गुलबक्षी. ती वाळली तरी तिचा कंद जमिनीत जिवंत राहतो व पाऊस पडताच पुन्हा फुटतो.

काय लावावे याइतकेच काय उपटावे हेही महत्त्वाचे आहे. पिंपळ, वड व उंबर यांचे बी पाखरे भिंतीत टाकतात. बोटभर रोप असता ते सहज निघते. तीन पावसाळे गेल्यावर भिंत उतरविल्यावाचून निघत नाही. घाणेरीची फुले मोहक खरी, परंतु ती रानभर पसरते आणि तिचा पाला गुरांना बाधतो. म्हणून दर वर्षी दिवाळीपूर्वी एकदा सारी भिंत डोळ्यांखालून घालावी.

शेवटी एक गोष्ट. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात फादर ब्लॅटर (1877–1934) व फादर सांतापाव (1903–1970) हे दोन येशूसंघीय वनस्पतिशास्त्रज्ञ होऊन गेले. परदेशातून येऊन त्यांनी या देशाच्या डोंगरांत व रानांत आपोआप काय उगवते हे प्रथम पाहिले, आणि मग त्यावर ग्रंथ लिहिले. आपणही रोपवाटिकेत जाण्यापूर्वी गावाबाहेरच्या बांधांवर व जुन्या पडक्या भिंतींवर एक फेरी मारावी. तेथे कोणी पाणी घालीत नाही, तरी जे फुलते, तेच आपल्या भिंतीचे खरे धन. असे झाड निवडणाऱ्याची भिंत उभी राहील, फुलेही मिळतील, आणि शेजाऱ्याच्या घागरीस धक्का लागणार नाही.