विजेचें वाद्य आणि मौनाचा सूर



आज आपणांशीं एका ध्वनिमुद्रिकेविषयीं बोलावयाचें आहे. ती ३० जुलै १९६९ रोजीं अमेरिकेंत प्रसिद्ध झाली. दोन बाजू आणि प्रत्येकीवर अठरा ते वीस मिनिटांचें वादन, एवढाच तिचा पसारा. तथापि जाझ संगीताचा इतिहास लिहिणारे तिजपाशीं येऊन थांबल्यावांचून पुढें जात नाहींत. कारण फुंकर, तार आणि चामडें यांवर जगणारें संगीत व विजेच्या प्रवाहावर चालणारें संगीत यांमधील उंबरठा म्हणून ती ओळखली जाते. तिच्या कर्त्याचें नांव माइल्स डेव्हिस आणि तिचें नांव ‘इन ए सायलेंट वे’. आपल्या भाषेंत ‘मौनाच्या वाटेनें’ असें म्हणूं.

हें नांव ऐकून थोडें आश्चर्य वाटेल. विजेचीं वाद्यें म्हटलीं कीं मनांत प्रथम गोंगाट उभा राहतो. आणि येथें तर विजेचा स्वीकार करणाऱ्या कृतीच्या कपाळीं मौनाचें नांव! मला वाटतें, हा विरोध केवळ शब्दांचा नाहीं. विजेनें पुढें जाझमध्यें मोठा आवाज आणला हें खरें; पण या तबकडीपुरतें पाहिलें तर तिनें प्रथम संयम आणला. तो कसा, हेंच आज पाहावयाचें आहे.

जाझ संगीत विसाव्या शतकाच्या आरंभीं अमेरिकेच्या दक्षिणेकडील न्यू ऑर्लिन्स शहरांत आफ्रिकी वंशाच्या लोकांच्या हातून आकारास आलें. उत्स्फूर्त उपज हा त्याचा प्राण. एक वादक स्वर टाकतो, दुसरा तो झेलतो, आणि त्या घटकेस जें घडतें तें तसेंच पुन्हां कधींहि घडत नाहीं, हा या संगीताचा अभिमान. विजेशीं त्याचा संबंध १९६९ सालीं अगदींच नवा होता असें नाहीं. १९२५ सालापासून ध्वनिमुद्रण मायक्रोफोनच्या साह्यानें होऊं लागलें होतें. १९३९ सालीं बेनी गुडमनच्या वृंदांत दाखल झालेल्या चार्ली ख्रिश्चन या तरुणानें विजेच्या गिटारीस एकल वादनाची प्रतिष्ठा मिळवून दिली. परंतु या सर्वांत वीज बहुतेक दासीच राहिली. असलेला आवाज वाढवावा आणि दूर पोहोंचवावा, एवढेंच तिचें काम. मेळाचा देह जुनाच होता. पियानो लांकडाचा आणि बासहि लांकडाचा.

माइल्स डेव्हिस हा ट्रम्पेटवादक १९२६ सालीं जन्मला. १९५९ सालच्या ‘काइंड ऑफ ब्लू’ या तबकडीनें त्याची कीर्ति सर्वदूर पसरली होती. पुढें त्यानें तरुण वादकांना हाताशीं धरून जो पंचवृंद उभारला, त्याची गणना जाझमधील श्रेष्ठ वृंदांत होते. म्हणजे ज्याच्यापाशीं जुन्या वाद्यांवर सांगण्याजोगें कांहीं उरलें नव्हतें असा हा कलावंत नव्हे. परंतु १९६८ च्या सुमारास तरुण श्रोता रॉक संगीताकडे वळला होता. जिमी हेंड्रिक्सची गिटार आणि स्लाय स्टोनचा ठेका डेव्हिसच्याहि कानांवर पडत होता, आणि तो त्याला आवडूं लागला होता.

त्या वर्षींच्या मे महिन्यांतील एक गोष्ट त्याचा पियानोवादक हर्बी हॅनकॉक यानें अनेकदां सांगितली आहे. तो स्टुडिओंत आला तों नेहमींचा पियानो त्याला दिसेना. आपण काय वाजवावयाचें, असें त्यानें विचारतांच डेव्हिसनें कोपऱ्यांतील एका विजेच्या पियानोकडे बोट दाखविलें. हॅनकॉकला तें वाद्य खेळणें वाटलें. परंतु पहिले स्वर दाबतांच त्याचें मत पालटलें.

हें ‘खेळणें’ फेंडर ऱ्होड्स या नांवानें प्रसिद्ध आहे, आणि त्याचा जन्म मोठा मनोरंजक आहे. हॅरॉल्ड ऱ्होड्स हा संगीतशिक्षक दुसऱ्या महायुद्धांत जखमी वैमानिकांना पियानो शिकवीत असे. अंथरुणावर पडलेल्या माणसास मोठा पियानो काय उपयोगाचा? म्हणून त्यानें विमानाच्या ॲल्युमिनियमच्या नळ्या घेऊन मांडीवर मावेल एवढा पियानो बनविला. त्याच कल्पनेचा विकास होत होत पुढें विजेचा पियानो तयार झाला. यांत तारा नसतात. पट्टी दाबली कीं लहानशी हातोडी पोलादाच्या बारीक काडीवर आदळते. काडीच्या जोडीला एक जड पट्टी असते, आणि दोन्ही मिळून स्वरकांट्याच्या दोन भुजांप्रमाणें कंप पावतात. काडीच्या टोंकाशीं लोहचुंबक आणि तारेचें वेटोळें असतें; कंपनांमुळें वेटोळ्यांत वीज उत्पन्न होते आणि ती ध्वनिवर्धकांतून आपल्या कानीं पडते. तो ध्वनि लहान घंटेसारखा, पण कडा विरघळलेला, बराच वेळ हवेंत तरंगणारा असा असतो.

येथें एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. लांकडी पियानो ड्रमच्या वर ऐकूं यावा म्हणून वादकास बोटांचें बळ वेंचावें लागतें. विजेच्या पियानोंत तें काम ध्वनिवर्धक करतो. वादक हळुवार स्पर्श करूनहि दूरवर पोहोंचूं शकतो. म्हणजे यंत्रानें वादकास मोठ्यानें बोलण्याची सोय करून दिली, तशीच हळू बोलण्याचीहि मुभा दिली. डेव्हिसनें या तबकडींत विशेष उपयोग केला तो या दुसऱ्या देणगीचा.

१८ फेब्रुवारी १९६९ रोजीं न्यू यॉर्कच्या तिसाव्या रस्त्यावरील कोलंबिया कंपनीच्या स्टुडिओंत आठ वादक जमले. ही इमारत पूर्वीं चर्च होती, आणि ‘काइंड ऑफ ब्लू’चें मुद्रणहि तेथेंच झालें होतें. विजेच्या पियानोवर एक नव्हे, तीन वादक होते: हॅनकॉक, चिक कोरिया आणि व्हिएन्नाचा जो झॉविनुल. झॉविनुलकडे ऑर्गनहि होतें. वेन शॉर्टर सॅक्सोफोनवर होता, आणि नुकताच इंग्लंडहून आलेला जॉन मॅक्लॉफ्लिन विजेच्या गिटारीवर. अवघ्या तेवीस वर्षांचा टोनी विल्यम्स ड्रमवर बसला होता. डेव्ह हॉलंडच्या हातीं जुना लांकडी बास होता, आणि डेव्हिसचें ट्रम्पेटहि नेहमींचेंच. उंबरठा म्हणतात तो असा: एक पाय आंत आणि एक पाय बाहेर.

ज्या रचनेवरून तबकडीस नांव मिळालें ती झॉविनुलची. त्यानें ती अनेक स्वरसंघांनीं सजविली होती. म्हणजे सुरावट पुढें सरके तसतसे तिच्याखालचे आधारस्वर बदलत जात. डेव्हिसनें ते जवळजवळ सर्व काढून टाकले. खालीं गजानें छेडलेला एकच दीर्घ स्वर ठेवला आणि त्यावर सुरावट मोकळी सोडली. तंबोऱ्याच्या सहवासांत वाढलेल्या आपल्या कानांस यांत नवल वाटणार नाहीं. अर्थात् डेव्हिसनें ही युक्ति आपल्याकडून घेतली असें मी म्हणत नाहीं. पण स्थिर स्वर खालीं असला कीं वरच्या प्रत्येक स्वराची किंमत कशी वाढते, हें आपल्यास निराळें सांगावें लागत नाहीं. पाश्चात्य कानांस मात्र तो मोठा त्याग होता. २००१ सालीं त्या दिवसांतील समग्र मुद्रण प्रसिद्ध झालें, त्यांत या रचनेची मूळच्या थाटांतील तालीमहि आहे. दोन्ही एकापुढें एक ऐकावीं, म्हणजे काय गाळलें आणि गाळल्यानें काय मिळालें, हें कळतें. झॉविनुलनें मात्र १९७० सालीं स्वतःच्या तबकडीसाठीं ती रचना आपल्या स्वरसंघांसह पुन्हां वाजविली. रचनाकाराचा हा हक्क आपण मान्य केला पाहिजे.

ही सुरावट प्रथम छेडण्याचें काम मॅक्लॉफ्लिनकडे आलें. बोटें विजेसारखीं चालणारा हा वादक गोंधळून गेला. तेव्हां, गिटार कशी वाजवितात हें जणूं ठाऊकच नाहीं अशा रीतीनें वाजव, असें डेव्हिसनें त्यास सांगितलें. त्यानें भीत भीत, एकेक स्वर चांचपत वाजविलें, आणि तेंच मुद्रित झालें. टोनी विल्यम्ससारखा झंझावाती वादक पहिल्या बाजूवर बहुतेक वेळ पायानें मिटणाऱ्या जोडझांजांवरच बारीक लय धरून बसला आहे. दुसऱ्या बाजूवर तो एकदांच उसळतो, आणि इतका वेळ आवरलेली शक्ति काय होती याचा प्रत्यय देतो.

आतां वादाच्या मुद्द्याकडे येऊं. मुद्रण संपल्यावर डेव्हिस आणि निर्माता टिओ मॅसेरो यांनीं ध्वनिफितीवर कात्री चालविली. बराच भाग गाळला. पहिल्या बाजूचा आरंभीचा सुमारें सहा मिनिटांचा तुकडा तसाच्या तसा शेवटीं पुन्हां जोडला. दुसऱ्या बाजूवरहि तेंच केलें: ती मौनाची सुरावट आरंभीं येते, मध्यें दुसरी रचना येते, आणि शेवटीं तीच सुरावट परतते. ही परतलेली सुरावट वादकांनीं पुन्हां वाजविलेली नाहीं. ती त्याच फितीची प्रतिकृति आहे.

जें संगीत पुन्हां तसेंच घडत नाहीं म्हणून मोलाचें, त्यांत यंत्रानें केलेली हुबेहूब पुनरावृत्ति यावी, हा प्रश्न साधा नाहीं. विजेच्या पियानोहून मला तो अधिक गंभीर वाटतो. अनेकांनीं यास प्रतारणा म्हटलें. विकाऊ रॉकच्या मागें लागून थोर कलावंतानें आपलें घर सोडलें, असा आरोप केला. स्टॅन्ली क्राउच या समीक्षकानें १९९० सालीं डेव्हिसच्या या उत्तर काळावर अत्यंत कठोर लेख लिहिला. हे आक्षेप तुच्छ मानून चालणार नाहीं. लांकडी पियानोच्या तारांत जो श्वास आहे तो पोलादी काडींत नाहीं. त्या दिवशीं आठ जणांनीं जें प्रत्यक्ष वाजविलें तेंहि या तबकडीवर अखंड ऐकावयास मिळत नाहीं. ही हानि खरी आहे.

तरीहि मला वाटतें कीं, ती पुनरावृत्ति फसवी नाहीं. सुरावट तीच असते, पण मधल्या दहा-बारा मिनिटांत ऐकणारा बदललेला असतो. प्रथम जी चांचपडणारी वाटली तीच दुसऱ्यांदा ओळखीची, किंचित् उदास वाटते. फीत जिथें बदलत नाहीं तिथें श्रोता बदलतो, आणि उपज त्याच्या मनांत घडते. कात्री हेंहि एक वाद्य होऊं शकतें. मात्र काय ठेवावें आणि काय टाकावें हें ठरविणारा कान कलावंताचा हवा. शेवटीं, आपण माझें हें भाषणहि एका यंत्रांतूनच ऐकत आहांत. यंत्र मधें आहे म्हणून बोलणें खोटें ठरत नाहीं. बोलणाऱ्यास कांहीं सांगावयाचें नसेल तरच तें खोटें ठरतें.

पुढील इतिहास थोडक्यांत सांगतों. त्याच वर्षींच्या ऑगस्टमध्यें डेव्हिसनें ‘बिचेस ब्रू’ मुद्रित केलें. तें अधिक मोठें, अधिक वादळी आणि अधिक गाजलें. झॉविनुल आणि शॉर्टर यांनीं ‘वेदर रिपोर्ट’ हा वृंद स्थापिला, कोरियानें ‘रिटर्न टु फॉरेव्हर’, आणि हॅनकॉकनें १९७३ सालीं ‘हेड हंटर्स’ ही तबकडी काढली. एका खोलींतून इतक्या वाटा फुटल्या. भीत भीत गिटार वाजविणारा तो मॅक्लॉफ्लिन पुढें विजेचा गडगडाट सोडून साध्या गिटारीकडे वळला, आणि मुंबईंत जन्मलेले झाकीर हुसेन यांच्या तबल्याच्या साथीनें त्यानें ‘शक्ति’ हा वृंद उभा केला. विजेची वाट परतीची नसते असें समजणाऱ्यांनीं हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे.

ज्यांनीं ही तबकडी ऐकलेली नाहीं त्यांस एवढीच सूचना करतों. ती रात्रीं, घरांतील कामें आटोपल्यावर ऐकावी. प्रथम दुसरी बाजू लावावी, आणि यंत्राचा आवाज फार वाढवूं नये. आरंभींची चार मिनिटें कांहींच घडत नाहीं असें वाटेल. तेवढा धीर धरावा. पुढें जें घडतें त्याचें बीज त्या चार मिनिटांतच आहे.