वास्तुकलेंतील संगणकीय रचना : एका नव्या व्यवसायाचा विचार



बारावीचा निकाल लागला म्हणजे सुशिक्षित घरांतून एक प्रश्न हटकून निघतो : आतां पुढें काय? मुलीचें गणित चांगलें असावें, हात चित्रकलेकडे वळलेला असावा, म्हणजे वास्तुकलेचें नांव निघतेंच. अलीकडे या कलेला ‘कॉम्प्युटेशनल डिझाइन’, म्हणजे संगणकीय रचना, अशी एक शाखा फुटली असून तरुण मंडळी तिच्याकडे मोठ्या हौसेनें पाहूं लागली आहेत. वडील माणसें मात्र बिचकतात. पांच वर्षांचा अभ्यासक्रम, त्यावर कदाचित् परदेशचा खर्च, आणि एवढें करून यंत्रापुढें बसून रेघाच ओढावयाच्या असतील, तर त्या उद्यां यंत्रच ओढणार नाहीं कशावरून? ही शंका रास्त आहे. तिचें उत्तर जाहिरातींत शोधण्यापेक्षां एका प्रत्यक्ष इमारतींत शोधणें बरें.

लंडन येथील ब्रिटिश म्यूझियमच्या मध्यभागीं एक विस्तीर्ण चौक आहे. त्या चौकांत १८५७ सालीं एक वर्तुळाकार वाचनालय उघडलें, आणि त्याच्या भोंवतालची जागा पुस्तकांच्या कोठारांनीं भरून गेली. पुढें विसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटिश लायब्ररी आपला ग्रंथसंग्रह घेऊन सेंट पॅन्क्रस येथील नव्या इमारतींत गेली, तेव्हां तो चौक मोकळा करून त्यावर कांचेचें छप्पर घालावें असें ठरलें. काम नॉर्मन फॉस्टर यांच्या कचेरीकडे आलें. ऐकावयास हें सोपें वाटतें. परंतु मधलें वर्तुळ चौकाच्या बरोबर मध्यावर नाहीं. त्यामुळें छपराचा पल्ला जागोजागीं निराळा. शिवाय छपराच्या उंचीला मर्यादा होती आणि जुन्या भिंतींवर बाजूनें रेटा येऊं द्यावयाचा नव्हता.

हा पेंच बाथ विद्यापीठांत शिकविणारे अभियंते क्रिस विल्यम्स यांच्या गणितानें सुटला. छपराचें वक्र पृष्ठ त्यांनीं प्रथम सूत्रांत मांडलें. मग त्या पृष्ठावर त्रिकोणांचें जाळें पसरून, त्याच्या गांठी पृष्ठावरून सरकवीत सरकवीत, जाळें सर्वत्र सुरळीत बसेपर्यंत संगणकाकडून आंकडेमोड करविली. २००० सालीं हें छप्पर लोकांसाठीं खुलें झालें. त्यांत ३,३१२ त्रिकोणी कांचा आहेत, आणि प्रत्येकीचें माप वेगळें आहे. येथें ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट अशी कीं, या कांचा कोणीं एकेक करून रेखाटल्या नाहींत. त्या कशा निघाव्या याचा नियम लिहिला गेला, आणि नियमांतून कांचा निघाल्या.

आपल्याकडील गृहिणीला ही गोष्ट अपरिचित नाहीं. ठिपक्यांची रांगोळी घालतांना ती आधीं ठिपके किती, ओळी किती व कोणता ठिपका कोणाला जोडावयाचा हें ठरविते. अंगण लहान असलें तर ठिपके कमी होतात, पण जोडण्याची रीत तीच राहते. संगणकीय रचनेचें सार एवढेंच आहे. आकृति काढण्याऐवजीं आकृतीची रीत लिहावयाची.

ही दृष्टि संगणकाहूनहि जुनी आहे. बार्सिलोनाचे वास्तुविशारद आंतोनी गौदी यांनीं एका प्रार्थनामंदिरासाठीं दोऱ्या टांगून त्यांना छऱ्यांच्या लहान पिशव्या बांधल्या होत्या. भारानें दोऱ्यांना जो बांक येई तो उलटा केला कीं कमानीचा योग्य आकार मिळे. पिशवी हलविली कीं सारी आकृति आपोआप बदले. पुढें १९६३ सालीं अमेरिकेंत आयव्हन सदरलंड यांनीं ‘स्केचपॅड’ रचून संगणकाच्या पडद्यावर रेषा काढून दाखविल्या, आणि २००७ सालीं डेव्हिड रुटेन यांचें ‘ग्रासहॉपर’ हें साधन आलें. त्यामुळें संगणकाची भाषा न लिहितां, ठोकळे जोडून नियम मांडणें सामान्य विद्यार्थ्याच्याहि आटोक्यांत आलें.

आतां पोटापाण्याचा प्रश्न. या विद्येला वाहिलेल्या खास जागा आहेत, पण त्या थोड्या आहेत. फॉस्टर यांच्या कचेरींत १९९८ सालीं आणि झाहा हदीद यांच्या कचेरींत २००७ सालीं असे स्वतंत्र गट स्थापन झाले. परंतु शेंकडों माणसांच्या कचेरींत असा गट मूठभरांचाच असतो. याहून अधिक काम इमारतीचा सांगाडा व दर्शनी भाग यांचा हिशेब करणाऱ्या सल्लागारांकडे, आणि कांच, पोलाद, लांकूड कापून जोडणाऱ्या कारखान्यांकडे असतें. कारण ३,३१२ कांचा निरनिराळ्या असल्या म्हणजे कोणती कोठें बसवावयाची हेंहि कोणीं तरी सांगावें लागतें. तिसरें क्षेत्र साध्या कचेऱ्यांचें. उन्हाचा कोन, खोल्यांचें क्षेत्रफळ, वाहनतळाची जागा, दारे-खिडक्यांची मोजदाद हीं रोजचीं कंटाळवाणीं कामें नियमांत बसवून जो दिवसांचें काम तासांवर आणतो, तो मुंबई-पुण्यांतील कचेरीलाहि हवासा वाटतो. मात्र त्याच्या नांवापुढें ही नवी पदवी असेलच असें नाहीं.

वडील माणसांच्या शंकेंत सत्यांश आहे तो येथें. केवळ सांगितलेली रेघ ओढणाऱ्याचें काम यंत्र खरोखरच घेत आहे. आज जें साधन नवें तें दहा वर्षांनीं जुनें होतें, आणि ज्याला त्याचीं बटणेंच तेवढीं ठाऊक, तो त्याबरोबर मागें पडतो. भूमिति, संगणकाच्या एखाद्या भाषेचें व्याकरण, आणि वीट, पोलाद, पाणी यांचा स्वभाव हें ज्ञान मात्र सहसा शिळें होत नाहीं.

म्हणून क्रम सांभाळावा. १९७२ च्या कायद्यान्वयें आपल्या देशांत ‘आर्किटेक्ट’ हें नांव नोंदणी झालेल्यासच लावतां येतें. तेव्हां पांच वर्षांची मूळ पदवी सोडून या शाखेमागें धांवणें हिताचें नाहीं. पदवीच्या काळांतच पायथनसारखी एखादी भाषा शिकावी आणि सुट्टींत बांधकामावर जाऊन उभें राहावें. स्टुटगार्ट, झुरिक किंवा लंडन येथील उच्च शिक्षणाचा खर्च करावयाचा झाल्यास तो एक-दोन वर्षें कचेरींत काढल्यावर करावा. तोंपर्यंत आपल्याला कोणता प्रश्न सोडवावयाचा आहे हें कळलेलें असतें.

प्रवेश-अर्ज भरण्यापूर्वीं एक घरगुती परीक्षा मात्र घेण्याजोगी आहे. मुलाला किंवा मुलीला आपल्याच इमारतीचा जिना मोजावयास सांगावा. दोन मजल्यांतील अंतर ३ मीटर असेल तर १५ सेंटिमीटरच्या २० पायऱ्या नेमक्या बसतात. तेंच अंतर ३.१० मीटर झालें तर? अर्धीमुर्धी पायरी तर बांधतां येत नाहीं. मग २० पायऱ्या ठेवून प्रत्येक अर्धा सेंटिमीटर उंच करावयाची, कीं २१ वी पायरी घालून जिन्याची लांबी वाढवावयाची? आणि लांबी वाढली तर खालच्या दाराचें काय? कोणतेंहि अंतर दिलें तरी योग्य जिना निघेल असा नियम कागदावर लिहून पाहावा. चार दिवस त्यांत डोकें घातल्यावरहि जें मूल पांचव्या दिवशीं आपण होऊन तो कागद पुन्हां पुढें ओढील, त्याला या वाटेनें खुशाल जाऊं द्यावें. ज्याला केवळ तयार इमारतींच्या देखण्या चित्रांचाच मोह आहे, त्याच्यासाठीं वास्तुकलेंत दुसऱ्या पुष्कळ चांगल्या वाटा आहेत. आणि पांच वर्षें खर्चीं पडण्याआधींच हें कळलें, तर त्या घराचा तोटा कांहींच झाला नाहीं.