घरापाठची माणसे



‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ अशी आपल्याकडे जुनी म्हण आहे. तिने दोन्ही कामांना एकाच तागडीत घातले आहे खरे. पण मला त्यांच्यांत एक मोठा फरक दिसतो. लग्न निघाले की सारा गाव मदतीला धावतो. मध्यस्थ येतो, भटजी येतो, आचारी येतो, आणि न बोलावता सल्ला देणारे तर किती येतात त्याची गणतीच नाही. घर बांधणारा मनुष्य मात्र एकटा असतो. आयुष्यात एकदाच करायचे काम, जन्माची पुंजी त्यात ओतायची, आणि विचारायचे कोणाला? तर ज्याला आपल्याला काहीतरी विकायचे आहे त्याला!

चालकांनी मला विषय दिला तो ‘नफ्यासाठी नसलेल्या वास्तुरचना-संस्था’ असा. मी मनाशी ठरविले की, संस्थांची घटना आणि उद्दिष्टे वाचून दाखविण्यापेक्षा त्यांत काम करणाऱ्या माणसांचीच ओळख करून द्यावी. संस्था म्हणजे दारावरची पाटी नव्हे. सकाळी कुलूप उघडून आत जाणारी चार माणसे दिवसभर काय करतात, त्यालाच संस्था म्हणायचे.

पण त्याआधी एक घरगुती हकीगत सांगतो. दापोली तालुक्यात माझ्या मामेभावाचे घर आहे. जांभ्या चिऱ्याच्या भिंती, वर कौले, पुढे ओटी, बाजूला पडवी. आपल्यापैकी पुष्कळांचे असते तसेच. दरसाल मृगाच्या आधी शाकारणी करावी लागे. पुढे शाकारायला माणूस मिळेना. वानरांनी कौले फोडली की दोन वर्षे ती तशीच राहात. शेवटी त्याने आढे-वासे उतरवले आणि पत्रे घातले. घर उजळ दिसू लागले, गळायचे थांबले, सारे खूष. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले. श्रीवर्धनच्या बाजूने ते किनाऱ्यावर चढले, आणि त्याचा तडाखा दापोली-मंडणगडला कसा बसला हे आपण जाणताच. मामेभावाचे पत्रे अर्ध्या तासात शेजारच्या सुपारीच्या बागेत जाऊन पडले. भिंतीचा चिरा मात्र एकही हलला नाही.

दोन महिन्यांनी मी गेलो, तेव्हा पुन्हा तसेच पत्रे, तशाच पद्धतीने बसविण्याचे काम चालू होते. गावचे एक वृद्ध सुतार ओटीवर बसून ते पाहात होते. ते मला म्हणाले, “भाऊ, वारा वरून दाबीत नाही हो. तो आत शिरून वर ढकलतो. पत्रा खाली पडू नये म्हणून यांनी सारी तजवीज केली आहे, वर जाऊ नये म्हणून काहीच नाही.” आजचे स्थापत्यशास्त्र हेच सांगते. छपरावरून वेगाने जाणारा वारा ते वर ओढतो, आणि मोडलेल्या दारा-खिडकीतून आत शिरलेला वारा खालून उचलतो. सपाट उताराचे छप्पर यात लवकर सापडते. बऱ्यापैकी उतार असलेले आणि चारी बाजूंनी पाखी असलेले, म्हणजे आपले जुने चौपाखी छप्पर अधिक टिकते. पडवीचे छप्पर घराच्या मुख्य छपराला अखंड जोडू नये. म्हणजे वादळात पडवी गेली तरी घर राहते. रिपा वाशाला, वासा भालीला आणि भाल भिंतीला लोखंडी पट्टीने किंवा बोल्टाने जखडावी. या पट्ट्यांचा खर्च पत्र्यांच्या किमतीपुढे किरकोळ असतो.

मग हे मामेभावाला कोणी का सांगितले नाही? पत्रे विकणाऱ्याने भाव सांगितला, बसविणाऱ्याने मजुरी सांगितली, पंचनामा करणाऱ्याने नुकसान लिहून घेतले. वारा कोणीच सांगितला नाही. ते कोणाचे कामच नव्हते. ज्यांनी ते आपले काम मानले, अशांची आज मी आपल्याशी ओळख करून देणार आहे.

पहिली ओळख एका इंग्रजाची. लॉरी बेकर हा १९१७ साली बर्मिंगहॅमला जन्मला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तो चीनमध्ये शुश्रूषेचे काम करीत होता. परत जाताना बोटीसाठी मुंबईत अडकून पडला, आणि तेथे त्याची गांधीजींशी भेट झाली. कापडाच्या तुकड्यांचे, हाताने केलेले त्याचे जोडे पाहून गांधीजींना कौतुक वाटले म्हणतात. आदर्श घर आसपासच्या पाच मैलांत मिळणाऱ्या सामानातून उभे राहावे, हा गांधीजींचा विचार त्याने जन्मभर मनात धरला. तो हिंदुस्थानात परत आला तो इथलाच झाला. कुष्ठरोग्यांच्या दवाखान्यांच्या इमारती, हिमालयातल्या पिठोरागढचा मुक्काम आणि शेवटी केरळ अशी त्याची वाट झाली. १९८५ साली त्रिचूरला ‘कॉस्टफोर्ड’ नावाची संस्था निघाली. माजी मुख्यमंत्री अच्युत मेनन, अर्थशास्त्रज्ञ के. एन. राज, कार्यकर्ते चंद्रदत्त आणि हा बेकर ही तिची संस्थापक मंडळी. राजकारणी, अर्थशास्त्रज्ञ, कार्यकर्ता आणि वास्तुविशारद! एका घरासाठी चार शास्त्रे लागतात हे त्यांनी ओळखले होते.

बेकर कचेरीत बसून नकाशे काढीत नसे. कामावर जाई, आणि जुन्या लिफाफ्याच्या पाठीवर रेघोट्या ओढून गवंड्याला समजावी. विटा उभ्या कडेवर अशा रचायच्या की भिंतीच्या पोटात पोकळी राहावी. त्याने विटांची सुमारे पाव बचत होते आणि घर थंड राहते. स्लॅबच्या खालच्या अंगाला, जिथे काँक्रीट केवळ ओझे म्हणून असते तिथे, जुनी मंगलोरी कौले घालायची. ज्या भिंतीला गरज नाही तिला गिलावा करायचा नाही. यात चमत्कार काही नाही. फक्त दर वेळी एक प्रश्न विचारायचा, ‘हे खरोखर लागते का?’ २००७ साली, नव्वदीत असताना, तो वारला; पण संस्थेचे काम थांबले नाही. कारण तो शिकवीत गेला होता.

आणि म्हणून दुसरी ओळख गवंड्याची. आपल्या कल्पनेत अशा संस्थेचा नोकरवर्ग म्हणजे चष्मेवाले पदवीधर. पण ज्या संस्थेच्या पटावर गवंडी आणि सुतार नाहीत, ती संस्था कागदावरच घरे बांधते. आपल्या चिऱ्याचेच पाहा. खाणीतून काढताना तो मऊ असतो, तासता येतो, आणि हवा लागली की कठीण होत जातो. १८०७ साली बुकॅनन या स्कॉटिश प्रवाशाने मलबारातल्या याच दगडाला विटेच्या लॅटिन नावावरून ‘लॅटेराइट’ हे नाव दिले. नाव त्याने दिले, पण त्याच्या कितीतरी आधीपासून आमचा गवंडी चिऱ्यावर थापी वाजवून कोणता भिंतीत घालायचा आणि कोणता जोत्याला नको हे सांगत होता. थिबा राजाच्या १९१० सालच्या राजवाड्याचा जांभा आपण रोज पाहतो. अशा भिंतींत नुसता दगड नसतो, हातांचे ज्ञान असते. ते ज्ञान लिहून ठेवणारा मनुष्य संस्थेत हवा आणि ते ज्याच्या हातात आहे तो मनुष्यही हवा. आणि दोघांनी एका चटईवर बसले पाहिजे.

तिसरी ओळख आपल्या पुण्याची. १९९३ साली प्रतिमा जोशी आणि त्यांच्या सहकारी वास्तुविशारदांनी ‘शेल्टर असोसिएट्स’ ही संस्था काढली. झोपडवस्त्यांतल्या लोकांबरोबर काम करायचे, हा त्यांचा हेतू. त्यांनी पहिली गोष्ट कोणती केली असेल? मोजणी! वस्तीत किती घरे, कोणत्या घरात किती माणसे, नळ कोठे, गटार कोणत्या गल्लीतून जाते, हे घरोघर जाऊन लिहायचे आणि उपग्रहाच्या चित्रावर बसवायचे. पुण्यानंतर सांगली-मिरजेतही त्यांनी पुनर्वसनाच्या कामात हीच रीत वापरली.

या मोजणीचा उपयोग काय, असे कोणी विचारील. घरोघर शौचालय व्हावे म्हणून संस्थेने काम हाती घेतले. आता, ज्या गल्लीत गटारच नाही तेथे शौचालय बांधून देणे म्हणजे दुसऱ्या वर्षी त्यात लाकडे भरून ठेवण्याची सोय करणे होय! नकाशा हाती असल्यामुळे गटार कोठवर आहे आणि कोठे आधी ते न्यायला हवे, हे कळले. आणखी एक शहाणपण त्यांनी दाखविले. संस्था सामान दारात आणून टाकते. बांधून घेण्याचा भार घरातल्या माणसांनी उचलायचा. फुकट मिळालेल्या वस्तूची आपण कशी वासलात लावतो, हे मी सांगायला नको. ज्यात आपला घाम आणि चार पैसे आहेत ती वस्तू मनुष्य जपतो. अशी हजारो शौचालये या रीतीने उभी राहिली आहेत.

या कामात सर्वांत मोलाची व्यक्ती कोण, तर वस्तीतच राहणारी, घरोघर फिरून बायकांना गोळा करणारी बाई. पदवीधर मुलगी कागद घेऊन दारात उभी राहिली तर लोक विचारतात, ‘घर पाडणार का?’ हीच विचारते तेव्हा लोक खरे सांगतात. नकाशा खरा व्हायचा तर आधी उत्तर खरे मिळाले पाहिजे. म्हणून माझ्या लेखी तीही वास्तुविशारदच.

शहराच्या जुन्या रूपाची चिंता वाहणारी माणसेही आहेत. चार्ल्स कोरिया या थोर वास्तुविशारदाने १९८४ साली मुंबईत नगररचनेच्या अभ्यासाची ‘अर्बन डिझाइन रिसर्च इन्स्टिट्यूट’ ही संस्था स्थापन केली, आणि मुंबईचा फोर्ट विभाग हा तिच्या अभ्यासाचा विषय झाला. एखादी इमारत जपायची तर आधी तिची नोंद हवी. ज्याची नोंद नाही, ते पाडताना कोणाला खंतही वाटत नाही.

शेवटची ओळख हिशेबनिसाची. तिला टाळ्या मिळत नाहीत हे मला ठाऊक आहे! ‘नफ्यासाठी नाही’ म्हणजे ‘फुकट’ असा आपला एक गोड गैरसमज असतो. अशा संस्थेतल्या माणसांनाही पोट असते, आणि त्यांना पगार द्यावाच लागतो. फरक इतकाच की उरलेला पैसा मालकाच्या खिशात न जाता पुढच्या घराच्या कामी येतो. हा फरक दर वर्षी कागदावर दाखवून देणारा मनुष्य म्हणजे हिशेबनीस. तो ढिला पडला की लोकांचा विश्वास ढासळतो, आणि विश्वास गेलेली संस्था पाया खचलेल्या घरासारखी असते. ती पडते केव्हा, एवढाच प्रश्न.

श्रोतेहो, आता आपल्या गावाकडे वळू. कोणी म्हणेल, पुणे-त्रिचूरच्या गोष्टी रत्नागिरीत कशाला? पण आपला प्रश्न आज दारात उभा आहे. टिळक आळीतले लोकमान्यांचे जन्मघर स्मारक म्हणून राहिले, ते राहावेच. पण त्याच धाटणीची, कोणी थोर पुरुष ज्यांत जन्मला नाही अशी घरे दरसाल उतरवली जात आहेत. ती सारी ठेवा असे मी म्हणणार नाही. ज्याला गळक्या माजघरात पावसाळा काढावा लागतो, त्याला जुन्याच्या सौंदर्यावर व्याख्यान देण्याचा मला अधिकार नाही. माझे म्हणणे इतकेच की, पाडायचे की दुरुस्त करायचे, कौल की पत्रा की स्लॅब, हे ठरविताना त्याच्या बाजूने विचार करणारा एक तरी मनुष्य असावा. निसर्गनंतर वर्षाच्या आत, मे २०२१ मध्ये, तौक्ते येऊन गेले आणि जुलैत चिपळूण पाण्याखाली गेले. पुढचे वादळ आपली तयारी होईपर्यंत थांबणार नाही.

मी मोठ्या संस्थेचे स्वप्न मांडीत नाही. तीन लहान कामे सुचवितो. आठवड्यातून एक संध्याकाळ, वाचनालयाच्या एखाद्या खोलीत, गावातल्या एका वास्तुविशारदाने आणि एका अनुभवी गवंड्याने शेजारी शेजारी बसावे. ज्याला घर बांधायचे आहे त्याने यावे आणि विचारावे. दुसरे, महाविद्यालयातल्या मुलांनी सुटीत एकेका आळीतल्या घरांची नोंद करावी. भिंत कशाची, छप्पर कशाचे, कोठे गळते, वाऱ्यासाठी काय बांधले आहे, इतके चार रकाने पुरेत. तिसरे, शाकारणी जाणणारे जे थोडे कारागीर उरले आहेत, त्यांच्या हाताखाली दोन-दोन तरुण द्यावेत आणि त्यांना शिकताना रोज मिळावा. पहिल्या दोन कामांना पैसा फारसा लागत नाही. तिसऱ्याला लागेल; तो वर्गणीने जमेल असा मला भरवसा आहे.

गेल्या दिवाळीला मी पुन्हा दापोलीकडे गेलो होतो. त्या वृद्ध सुतारांचे म्हणणे मामेभावाने शेवटी ऐकले. वाशांना पट्ट्या बसल्या आहेत, पडवीचे छप्पर वेगळे झाले आहे. ते सुतार आता नाहीत. निघताना मामेभाऊ मला म्हणाला, “त्यांना आधी विचारायला हवे होते. पण ते गावातच होते ना, म्हणून सुचले नाही.”

आपल्या गावातही अशी माणसे आहेत. त्यांना आधी विचारू या, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.