ताटातले रसायनशास्त्र

इ. स. १८६५ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये ऑगस्ट हॉफमान यांनी क्रोकेच्या खेळातील रंगीत चेंडू सळ्यांनी जोडून रेणूंची रचना दाखविली. चेंडूंचे हे काम आपल्या स्वयंपाकघरातील जिन्नसही करू शकतात. उकडलेल्या बिटाची फोड हा ऑक्सिजनचा अणू माना, भिजवलेला हरभरा हा हायड्रोजनचा. एका फोडीला दोन हरभरे काड्यांनी जोडले की पाण्याचा रेणू झाला. मात्र काड्यांमधील कोन सुमारे १०५ अंशांचा हवा. आता दोन फोडी एकमेकींस जोडून प्रत्येकीला एकेक हरभरा लावा. हा हायड्रोजन पेरॉक्साइड. पहिल्याने तहान भागते. दुसरा पोटात गेल्यास अपाय होतो. अंतर केवळ एका फोडीचे!

काड्या काढून मुलांनी दोन्ही रेणू खुशाल खावेत. पण त्याआधीच त्यांना सांगावे की, आपण खातो ते बीट आणि हरभरे. प्रयोगशाळेतील कोणताही पदार्थ मात्र कधीही चाखावयाचा नसतो. वस्तू आणि तिची प्रतिकृती यांतील हा भेद ज्या मुलाला उमगला, त्याच्या विज्ञानशिक्षणाचा पाया घरीच घातला गेला, असे मी समजतो.