साहेबमामा फत्तेलाल : आपल्या मातीतील एक कलावंत

(मंगळवार पेठ, कोल्हापूर येथील पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



सुरुवातीलाच एका चुकीची कबुली देतो. मी शिक्षक म्हणून नवा होतो तेव्हाची गोष्ट. एक पालक मुलाची गणिताची वही घेऊन आले. वहीत उदाहरणे कमी आणि चित्रेच फार. "मास्तर, याला जरा दम द्या," ते म्हणाले. मी दम तर दिलाच, शिवाय चित्रांची पाने सगळ्या वर्गासमोर फाडली. त्या मुलाने पुन्हा चित्र काढले नाही. आणि त्याचे गणितही सुधारले नाही. ती फाटलेली पाने आजही माझ्या डोळ्यांसमोर येतात. म्हणूनच आज साहेबमामा फत्तेलाल यांच्याविषयी बोलायचे मी ठरवले.

शेख फत्तेलाल यांचा जन्म १८८६ साली कागलचा. तो काळ कोल्हापुरात कलेच्या भरभराटीचा होता. शाहू महाराजांच्या दरबारात आबालाल रहिमान यांच्यासारखे चित्रकार होते, अल्लादियाखाँसाहेबांसारखे गवई होते. याच महाराजांनी १९०६ साली आपल्या समाजातील मुलांसाठी मुस्लिम बोर्डिंगचा पाया घातला. विद्या आणि कला या दोन्ही गोष्टींना या गावात मान होता, हे ध्यानात घ्या.

त्या वेळी आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे बंधू नाटक कंपन्यांचे पडदे रंगवीत. राजवाडा, अरण्य, रस्ता, सारे कापडावर उभे करायचे. अशा वातावरणात फत्तेलाल यांचा हात तयार झाला. पुढे बाबूरावांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. तिचा 'सैरंध्री' १९२० साली पडद्यावर आला. त्या कंपनीत फत्तेलाल आणि विष्णुपंत दामले हे बाबूरावांचे दोन हात होते. तिथेच १९२८ साली दोघांनी मिळून 'कर्ण' या मूकपटाचे दिग्दर्शन केले.

१ जून १९२९ रोजी कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी स्थापन झाली. दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी असे पाच भागीदार. कलाविभाग फत्तेलाल यांच्याकडे. १९३२ सालचा 'अयोध्येचा राजा' हा मराठीतील पहिला बोलपट याच कंपनीने कोल्हापुरात तयार केला. १९३३ मध्ये कंपनी पुण्याला गेली. कोल्हापूरची चित्रपटसृष्टी मात्र त्यामुळे ओस पडली नाही. आज आपण बसलो आहोत त्याच पेठेत कोल्हापूर सिनेटोन म्हणजे पुढचा जयप्रभा स्टुडिओ उभा राहिला.

मग आला १९३६ सालचा 'संत तुकाराम'. दिग्दर्शक दामले-फत्तेलाल. तुकाराम झाले विष्णुपंत पागनीस. जिजाईचे काम गौरी या बाईंनी केले. म्हैस सांभाळणारी, घरात दाणा नाही म्हणून नवऱ्यावर करवादणारी ती जिजाई पाहून प्रत्येकाला आपल्या घरातली कोणी तरी आठवली. शांताराम आठवल्यांनी या चित्रपटासाठी लिहिलेले एक गीत तर लोकांनी खुद्द तुकोबांचाच अभंग समजून डोक्यावर घेतले. मुंबईत हा चित्रपट एकाच थिएटरात वर्षाहून अधिक काळ चालला, आणि १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात जगातील निवडक चित्रपटांत त्याची गणना झाली.

विद्यार्थी मित्रांनो, एका शेखाने तुकोबांचे देहू पडद्यावर उभे केले, आणि वारकऱ्याला ते आपलेच वाटले. हे कशामुळे झाले? भाषणे करून झाले नाही. देहूचे घर कसे असते, ओसरी कशी, भिंतीवर धूर कसा बसतो, हे ज्याने डोळे उघडे ठेवून पाहिले त्याच्या हातून ते झाले. पुढे 'संत ज्ञानेश्वर' आला. १९४५ साली दामले वारले, तोवर 'दामले-फत्तेलाल' हे नाव लोक एकाच माणसाचे असावे तसे एका दमात घेत. साहेबमामांचे निधन १९६४ साली झाले. प्रभातच्या पुण्यातील जागेत १९६० पासून फिल्म इन्स्टिट्यूट उभी आहे. देशभरातील मुले तिथे शिकायला येतात.

पालकांना माझे सांगणे एवढेच. मुलगा किंवा मुलगी चित्र काढते, नक्कल करते, लाकडातून काही घडवते, तर रागावू नका. शाळाही सोडवू नका. चित्रपटाचा सेट बांधायचा म्हटले तर लांबी-रुंदीची मापे लागतात, लाकडाचा हिशेब लागतो, उजेड कुठून येणार याचे शास्त्र लागते. म्हणजे गणित आणि चित्र ही सवत नव्हे, सख्ख्या बहिणी आहेत. त्या दिवशी हे मला कळले असते, तर वहीची पाने फाडण्याऐवजी त्या मुलाला मी म्हटले असते, "बाळ, या घराची भिंत किती फूट उंच आहे, ते बाजूला लिही."

तुमच्या घरी अशी वही असेल, तर आज रात्री ती एकदा उघडून पाहा.