नेम की नशीब?

थंडी पडली की आपल्या मेहरूण परिसरातल्या बोरी लगडतात आणि पोरं दगड घेऊन झाडाखाली जमतात. एखाद्याच्या ५ दगडांत ३ बोरं पडली की सगळे म्हणतात, ‘काय नेम आहे!’ पण तो नेम होता की नशीब, हे ५ दगडांवरून कळत नाही. १०० मारले की कळू लागतं.

उत्तर अमेरिकेत बर्फावरच्या हॉकीबद्दल हाच वाद चालतो. तिथल्या सर्वांत मोठ्या लीगमध्ये गोलच्या रोखानं गेलेल्या १०० फटक्यांपैकी साधारण १० आत जातात. चेंडूऐवजी असलेली चकती कुणाच्या काठीला लागून वळते, गर्दीत गोलरक्षकाची नजर झाकली जाते. समजा, एखाद्याची खरी कुवत शंभरात १० गोलांची आहे आणि तो हंगामात २०० फटके मारतो. हिशेब सांगतो, की एका वर्षी त्याचे १६ गोल झाले आणि दुसऱ्या वर्षी २४, तर त्यात नवल काही नाही. हात तोच, कसब तेच. लोक मात्र एकदा त्याला डोक्यावर घेतात आणि एकदा ‘संपला’ म्हणतात. कसब असतंच, जाणता खेळाडू वर्षानुवर्षं सरासरीच्या वर राहतो. ते ओळखायलाही वर्षं लागतात.

क्रिकेटमधले आपले विनोद कांबळी आठवा. १९९३ साली त्यांनी लागोपाठच्या दोन कसोटींत २२४ आणि २२७ धावा काढल्या. पहिल्या ७ कसोटींत ७९३ धावा, सरासरी ११३. पुढच्या १० कसोटींत २९१ धावा, सरासरी २२. आखूड टप्प्याच्या चेंडूंनी त्यांना सतावलं, हे खरं. पण ११३ ही जशी त्यांची कायमची उंची नव्हती, तसं २२ हेही त्यांचं खरं माप नव्हतं. एकूण सरासरी भरली ५४.२०. तरीही १९९५ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, ते शेवटची कसोटी खेळले.

म्हणून खेळाडू निवडणाऱ्यांना आणि आईवडिलांना माझी कळकळीची विनंती आहे. टक्केवारी पाहण्याआधी ती किती फटक्यांची, किती डावांची, हे विचारा. एका सामन्यात चमकलेल्या मुलावर अपेक्षांचं ओझं टाकू नका. एका स्पर्धेत चुकलेल्या मुलीला घरी पाठवू नका. तिच्या हातात आणखी थोडे दगड द्या.