वणाकाठी आपले स्वागत
(स्वागताध्यक्षांचे भाषण, हिंगणघाट)



ज्या गावाच्या कापसाने एकोणिसाव्या शतकात विलायतेच्या बाजारात आपल्याच नावाने भाव मिळविला, त्या वणाकाठच्या हिंगणघाटात, भिन्न संवेदकांनी टिपलेल्या उपग्रहप्रतिमा आपोआप एकमेकींशी जुळविण्याच्या शास्त्राची परिषद भरावी, हे मी आमच्या नगराचे भाग्य समजतो.

कापसाची कीर्ती आपणांस ठाऊक असेल. पण ज्या पुरुषाचे स्मरण केल्यावाचून माझ्याने पुढे जाववत नाही, त्याचे नाव आमच्या शाळेतल्या मुलांनाही क्वचितच माहीत असते. १८०२ साली मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटपाशी सुमारे साडेसात मैलांची आधाररेषा, पोलादी साखळी उन्हाने किती वाढते याचा हिशेब ठेवीत, ज्याने मोजली. तंजावरच्या मंदिरशिखरावर चढविताना दोर तुटून अर्ध्या टनाचे थिओडोलाइट हे कोनमापक यंत्र जायबंदी झाले असता जो स्वतः खपून ते पुन्हा कामास लावता झाला. आणि त्रिकोणामागून त्रिकोण जोडीत ज्याने दक्षिणेचा मुलूख मापिला, तो कर्नल विल्यम लॅम्बटन, हैदराबादेहून नागपूरकडे निघाला असता, १८२३ च्या जानेवारीत, उतारवयात, याच गावी मुक्कामात निवर्तला. त्याची कबर येथे आहे. आज आपणांपैकी कित्येकजण हैदराबाद आणि नागपूर येथील सुदूर संवेदन केंद्रांतून आलेले आहेत, म्हणजे लॅम्बटनच्या अखेरच्या वाटेनेच आलेले आहेत, आणि हे मला फार मोलाचे वाटते.

आपल्या शास्त्राविषयी मी अधिकाराने काही बोलू शकत नाही. परंतु आमच्या भागातल्या कास्तकाराला त्याचे महत्त्व कळते. पावसाळ्यात ढगांमुळे प्रकाशीय प्रतिमा आंधळी होते, तेव्हा ढगांतून पाहणारी रडारप्रतिमा उपयोगी पडते. पण एकीत पानांवरून परतलेला सूर्यप्रकाश असतो, तर दुसरीत जमिनीचा खडबडीतपणा आणि ओल, शिवाय रडार तिरके पाहत असल्याने उंचवटे उपग्रहाकडे झुकलेले दिसतात. यामुळे एकच बांध एकीत उजळ, दुसरीत काळा. म्हणून केवळ उजेडाच्या तुलनेवर न विसंबता कडा, कोपरे आणि दोन प्रतिमांमधील सांख्यिकी संबंध शोधावे लागतात, असे मला समजावून सांगण्यात आले आहे. ही जुळणी काही मीटरांनी चुकली तर एकाच्या वावराची नासाडी दुसऱ्याच्या गट नंबरावर चढेल, आणि पंचनामा कितीही काटेकोर असला तरी नुकसानभरपाई भलत्याच्या पदरी पडेल. म्हणून आपले काम हे न्यायाचे काम आहे, असे मी मानतो.

आता व्यवस्थेविषयी. आमच्या गावात मोठी हॉटेले थोडी. काही प्रतिनिधींची सोय जिनिंग कारखान्यांच्या विश्रामगृहांत आणि काहींची गृहस्थांच्या घरी करावी लागली आहे, आणि ज्यांना एका खोलीत तिघांनी राहावे लागत आहे त्यांची मी मनःपूर्वक क्षमा मागतो. दुपारी वीज गेल्यास जनित्राची तजवीज आहे, तथापि ते सुरू होण्यास लागणारा अवधी आपण सोसावा. कापसाच्या हंगामामुळे रस्त्यावर गाड्यांची रीघ असते, तेव्हा वाहने थोडी लवकर सोडण्याची सूचना सारथ्यांना दिलेली आहे. व्यापारी मंडळींनी धान्य आणि रोख रक्कम दिली, शिक्षकांनी सुट्टीचे दिवस दिले, नगरपालिकेने सभागृह आणि पाण्याचा बंदोबस्त केला, आणि ज्या दात्यांनी नाव छापू नये अशी ताकीद देऊन लिफाफे पोहोचविले, त्या सर्वांचे ऋण स्वागतसमिती कृतज्ञतेने मान्य करीत आहे.

उद्या सकाळी सात वाजता लॅम्बटनच्या कबरीकडे जाण्यासाठी वाहने याच दारापाशी उभी राहतील. ज्यांना यावयाचे असेल त्यांनी आज रात्रीच्या भोजनापूर्वी कार्यालयात नावे द्यावीत. आता अध्यक्षमहाशयांनी परिषदेच्या कामकाजास प्रारंभ करावा, अशी मी त्यांस सविनय विनंती करतो.